आधी ड्रायव्हर की आधी डिस्क? सर्व्हरच्या उंबरठ्यावरचा एक जुना पेच

(सार्वजनिक व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्यातली पुनरुक्ती कमी केली आहे. शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्न आणि त्यांची उत्तरे दिली आहेत.)



आजचा विषय बाहेरच्या फळ्यावर वाचून दोघातिघांनी मला जिन्यातच गाठलं. म्हणाले, "सर, जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलंत, आणि हे सर्व्हर, स्टोरेज कंट्रोलर, ड्रायव्हर कुठून काढलंत?" प्रश्न रास्त आहे. मी काही संगणक अभियंता नाही. पण आपल्या कल्याण-डोंबिवली परिसरातल्या एका ग्रंथालयाच्या कार्यकारिणीवर मी बरीच वर्षं होतो, आणि तिथे एका ड्रायव्हरपायी आमची सगळी ग्रंथसूची जाता जाता राहिली. त्या चार दिवसांत मी जे शिकलो ते आज सांगणार आहे. आणि एक कबुली आधीच देतो. त्यातलं अर्धं मी वर्गात तीस वर्षं शिकवत होतो, फक्त ते इथे लागू पडतं हे मला ठाऊक नव्हतं.

आधी गोष्ट सांगतो, मग शास्त्र.

२६ जुलै २००५ तुम्हाला विसरता येणार नाही. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि इकडे उल्हास नदीचं पाणी बदलापूर-कल्याण पट्ट्यात घरांत शिरलं. आमच्या ग्रंथालयाचा तळमजला पाण्याखाली गेला. दाखल नोंदवह्या खालच्या कपाटांत होत्या, त्यांचा लगदा झाला. एक जुना संगणक होता, तोही गेला. वाचली ती वरच्या मजल्यावरची सूचीपत्रं, म्हणजे लाकडी खणांतली ती कार्डं, ज्यांच्यावर लेखक, पुस्तकाचं नाव, वर्गांक, दाखल क्रमांक हे सगळं हातानं लिहिलेलं असतं.

पुढच्या वर्षी देणग्या जमवून आम्ही एक सर्व्हर घेतला. विंडोज सर्व्हर २००३, दोन डिस्क, आणि दोन्हींवर तीच माहिती लिहिली जाईल अशी सोय. दोन-तीन वर्षं बसून मुलींनी कार्डांवरून सगळी सूची संगणकात भरली. ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर जुनं, त्यातली मराठी अक्षरं जुन्या फाँटच्या पद्धतीची, युनिकोड नव्हे. आणि मग आम्ही एक शहाणपणा केला. जागा हवी होती, म्हणून ती कार्डं रद्दीत विकली. ठराव माझ्याच समोर झाला, मी हात वर केला होता.

२०१४ मध्ये एका सकाळी सर्व्हर सुरूच होईना. मुख्य बोर्ड गेला होता. देखभाल करणाऱ्याकडून तंत्रज्ञ आला. त्यानं दुसरा सर्व्हर आणला, आमच्या दोन्ही डिस्क त्यात घातल्या आणि विंडोज सर्व्हर २००३ ची सीडी लावली. निळा पडदा आला, आणि त्यावर इंग्रजीत वाक्य आलं की तुमच्या संगणकात एकही हार्ड डिस्क सापडली नाही. तो म्हणाला, "सर, दोन्ही डिस्क गेल्या. नव्यानं फॉरमॅट करून बघतो, नाहीतर नव्या घ्या."

दाखल नोंदवह्या पाण्यात, कार्डं रद्दीत, आणि डिस्क 'गेल्या'. काय वाटलं असेल ते तुम्हीच ठरवा.

न दिसणं आणि नसणं

मी त्याला म्हटलं, उद्यापर्यंत कशालाही हात लावू नकोस. आणि माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला फोन केला. बीएला तत्त्वज्ञान घेतलेला मुलगा, पुढे संगणकाकडे वळला, ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये नोकरीला होता. तो संध्याकाळी आला. सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला, आणि विंडोज यायच्या आधी जे काही काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरात सरकत जातं ते वाचत बसला. मध्येच त्यानं मला बोलावलं. "सर, हे बघा. कंट्रोलर म्हणतोय की दोन डिस्क आहेत, दोन्ही धडधाकट आहेत."

मी म्हटलं, "मग विंडोज नाही का म्हणतंय?"

तो हसला. म्हणाला, "सर, अनुपलब्धी तुम्हीच शिकवलीत."

आता इथे पाच मिनिटं मला द्या. भाट्ट मीमांसक आणि अद्वैत वेदान्ती ज्ञानाची सहा साधनं मानतात, त्यांतलं सहावं अनुपलब्धी. जमिनीवर घट नाही हे मला कसं कळतं? घट दिसत नाही म्हणून. पण कुमारिल भट्टांच्या परंपरेनं इथे एक अट घातली आहे. दिसत नाही एवढ्यावरून नाही असं म्हणता येत नाही. तो असता तर दिसलाच असता, अशी परिस्थिती हवी. अंधाऱ्या खोलीत घट दिसला नाही, तर त्यावरून घट नाही हे सिद्ध होत नाही. तिथे फक्त दिवा नाही हे सिद्ध होतं. याला योग्य-अनुपलब्धी म्हणतात.

त्या सीडीवरच्या विंडोजला आमच्या डिस्क दिसल्या नाहीत. प्रश्न असा, त्या असत्या तर तिला दिसल्या असत्या का? उत्तर, नाही. कारण नव्या सर्व्हरमधल्या कंट्रोलरशी बोलण्याचं साधनच तिच्याजवळ नव्हतं. डिस्क नाहीत असं म्हणण्याचा अधिकारच तिला नव्हता. तंत्रज्ञानं तिची साक्ष खरी मानली, आणि फॉरमॅट करायला निघाला. आज घरी जाताना यातलं एकच लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. इन्स्टॉलरला डिस्क दिसत नाही याचा पहिला अर्थ ड्रायव्हर नाही असा घ्यायचा. डिस्क गेली हा अर्थ सगळ्यात शेवटी.

कंट्रोलर म्हणजे कोण, ड्रायव्हर म्हणजे काय

आता हे दोन शब्द. जुन्या ग्रंथालयांत पुस्तकांच्या कपाटांपर्यंत वाचकाला जाऊ देत नसत. तुम्ही खिडकीशी चिठ्ठी द्यायची, आतला माणूस जाऊन पुस्तक आणणार. कुठलं पुस्तक कुठल्या कपाटात आहे, एकाच पुस्तकाच्या दोन प्रती कुठे आहेत, एक फाटली तर दुसरी कशी द्यायची, हे सगळं त्या आतल्या माणसाला माहीत. तो आतला माणूस म्हणजे स्टोरेज कंट्रोलर. सर्व्हरमध्ये तो एक वेगळं कार्ड असतो किंवा मुख्य बोर्डवरची चिप असतो. संगणक आणि डिस्क यांच्यामध्ये तो बसलेला असतो.

सर्व्हरमध्ये तो जरा हुशार असतो. १९८८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठातल्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघांनी एक निबंध प्रसिद्ध केला. अनेक स्वस्त डिस्क एकत्र जोडून एका महागड्या डिस्कपेक्षा वेगवान आणि भरवशाची व्यवस्था उभी करता येते, असं त्यांनी मांडलं. त्याला रेड म्हणतात. रेड-१ मध्ये दोन डिस्कवर एकच मजकूर असतो. रेड-५ मध्ये मजकूर अनेक डिस्कवर वाटलेला असतो आणि एक डिस्क गेली तरी उरलेल्यांवरून गणितानं गेलेला भाग परत काढता येतो. रेड-६ मध्ये दोन गेल्या तरी चालतं. ही सगळी वाटणी कंट्रोलर सांभाळतो, आणि वरच्या ऑपरेटिंग सिस्टीमला सांगतो, "तू काळजी करू नकोस, तुझ्यासाठी ही एकच मोठी डिस्क आहे."

आता चिठ्ठी. प्रत्येक ग्रंथालयाची चिठ्ठी वेगळी. एकीकडे वर्गांक आधी, दुसरीकडे दाखल क्रमांक आधी, तिसरीकडे लाल चिठ्ठी म्हणजे घरी नेण्यासाठी. चिठ्ठी चुकली की आतला माणूस हलतच नाही. ऑपरेटिंग सिस्टीमला या विशिष्ट कंट्रोलरसाठी चिठ्ठी कशी लिहायची हे शिकवणारा छोटा प्रोग्राम म्हणजे ड्रायव्हर. कीबोर्ड, साध्या डिस्क, साधे पोर्ट यांची चिठ्ठी बहुतेक सगळीकडे एकसारखी ठरलेली आहे, त्यामुळे तिथे अडत नाही. रेड कंट्रोलरचं तसं नाही. प्रत्येक कंपनीची, आणि त्याच कंपनीच्या दर पिढीची चिठ्ठी वेगळी. ऑपरेटिंग सिस्टीम ज्या वर्षी बाजारात आली त्या वर्षापर्यंतच्या चिठ्ठ्या तिच्या सीडीवर असतात. नंतर जन्मलेल्या कंट्रोलरची ओळख तिला असणार कशी?

अन्योन्याश्रय

तुम्ही म्हणाल, मग ड्रायव्हर घालायचा की. प्रिंटर घेतला की घालतो तसा. पेच इथेच आहे. प्रिंटरचा ड्रायव्हर डिस्कवर ठेवतात आणि डिस्कवरून वाचतात. डिस्कचा ड्रायव्हर कुठे ठेवायचा? डिस्कवर ठेवला तर तो वाचायला डिस्क वाचता यायला हवी. डिस्क वाचायला ड्रायव्हर हवा. किल्ली कपाटात आणि कपाटाला कुलूप.

नैयायिक याला अन्योन्याश्रय दोष म्हणतात. अ ची सिद्धी ब वर, ब ची सिद्धी अ वर, म्हणजे दोघांचीही नाही. वादात हा दोष दाखवला की समोरचा गप्प. पण संगणक तर रोज सकाळी सुरू होतो. मग तो हा दोष कसा ओलांडतो?

संगणक सुरू होण्याला 'बूट' म्हणतात ना, तो शब्द बुटाच्या मागच्या पट्टीवरून आला. स्वतःच्याच बुटाची पट्टी धरून स्वतःला वर उचलणं ही इंग्रजीतली एक अशक्य गोष्ट. पण संगणक खरं तर स्वतःला उचलत नाही. त्याला उचलणारा तिसरा कोणीतरी असतो. मुख्य बोर्डवर एका चिपमध्ये एक छोटा प्रोग्राम कायमचा बसवलेला असतो. जुन्या यंत्रांत त्याला बायोस म्हणत, आता यूईएफआय असतो. कंट्रोलरच्या कार्डावरही असाच एक छोटा प्रोग्राम असतो. या दोघांना मिळून डिस्कवरचं थोडंथोडं, सावकाश का होईना, वाचता येतं. त्या काळ्या पडद्यावर आमच्या डिस्क दिसल्या त्या यांच्यामुळे.

यापुढचं समजायला इगतपुरीला चला. काही वर्षांपूर्वीपर्यंत कल्याणहून नाशिककडे जाताना इगतपुरीला गाडी थांबायची, आठवतंय? मुंबईकडून तिथपर्यंत १५०० व्होल्टची डीसी वीज, आणि पुढे २५ हजार व्होल्टची एसी. डीसीचं इंजिन काढायचं, एसीचं लावायचं, मग गाडी पुढे. आता समजा, डीसीचं इंजिन काढलं आणि एसीचं आलंच नाही. गाडी धड आहे, प्रवासी धड आहेत, रूळ धड आहेत. पण गाडी जागची हलणार नाही.

ऑपरेटिंग सिस्टीम सुरू होते तेव्हा नेमकं हेच घडतं. पहिला टप्पा बायोसच्या इंजिनावर. त्याच्या मदतीनं विंडोजचा गाभा आणि काही निवडक ड्रायव्हर स्मृतीत आणले जातात. मग गाभा म्हणतो, आता मी समर्थ आहे, आणि बायोसचं इंजिन सोडून देतो. त्या क्षणी त्याच्या हातात कंट्रोलरचा योग्य ड्रायव्हर असेल तर गाडी पुढे. नसेल तर ज्या डिस्कवरून तो आत्ता उठला तीच त्याला दिसेनाशी होते. विंडोजचं चिन्ह दिसतं, आता सुरू होणार असं वाटतं, आणि एकदम निळा पडदा. त्यावरचा आकडा ७बी, अर्थ असा की ज्या डिस्कवरून सुरू व्हायचं तिथे पोचता येत नाही. लोक विचारतात, अर्ध्यापर्यंत आलं मग डिस्क वाचली कशी? वाचली ती पहिल्या इंजिनानं.

आणि इथे एक बारकावा आहे. 'निवडक ड्रायव्हर' म्हणालो. विंडोजच्या नोंदणीत, म्हणजे रजिस्ट्रीत, अगदी सुरुवातीला कोणाकोणाला बरोबर घ्यायचं याची यादी असते. ड्रायव्हरची फाइल डिस्कवर पडलेली असून भागत नाही, त्याचं नाव त्या यादीत असावं लागतं. म्हणून चालू विंडोजची डिस्क उचलून वेगळ्या कंट्रोलरच्या यंत्रात लावली की ती बहुधा आपटते. जुन्या घराची किल्ली घेऊन नव्या दाराशी उभं राहिल्यासारखं.

लिनक्सनं हाच प्रश्न उघडपणे सोडवला आहे. तिथे गाभ्याबरोबर एक गाठोडं बांधून ठेवतात, त्याला इनिटरॅमएफएस म्हणतात. मी त्याला शिदोरी म्हणतो. त्यात वाटेपुरते ड्रायव्हर असतात. बायोस गाभा आणि शिदोरी दोन्ही स्मृतीत आणून ठेवतो, आणि मग गाभा शिदोरीतला ड्रायव्हर काढून खरी डिस्क उघडतो. शिदोरी मात्र त्या यंत्रापुरती बांधलेली असू शकते. यंत्र बदललं आणि शिदोरी जुनीच राहिली, की लिनक्सही वाटेत थांबतं आणि मूळ डिस्क सापडत नाही अशी तक्रार करतं.

म्हणजे मंडळी, अन्योन्याश्रय तोडण्याचा उपाय एकच. दोघांच्या बाहेरचा तिसरा आधार. शिदोरी हा एक, आणि दुसरा म्हणजे बाहेरून हातानं आणून दिलेला ड्रायव्हर.

एफ-सिक्सची फ्लॉपी

विंडोज एनटी, २००० आणि २००३ च्या काळात हा बाहेरचा आधार म्हणजे फ्लॉपी. सीडीवरून इन्स्टॉलर सुरू होताना खाली एक ओळ काही क्षणच यायची, की तिसऱ्या कंपनीचा ड्रायव्हर द्यायचा असेल तर एफ-सिक्स दाबा. तेवढ्यात दाबलं नाही तर गाडी चुकली, पुन्हा पहिल्यापासून. दाबलं की थोड्या वेळानं फ्लॉपी मागायचा. त्या फ्लॉपीवर टीएक्सटीसेटअप डॉट ओईएम नावाची एक फाइल लागायची, जी कुठल्या कंट्रोलरला कुठला ड्रायव्हर हे सांगते. ती नसली तर फ्लॉपी असून नसल्यासारखी.

२००६ मध्ये आमचा सर्व्हर बसवताना मी ती फ्लॉपी पाहिली होती. काम झाल्यावर ती एका पाकिटात घालून कपाटात ठेवली. पाकिटावर कोणीतरी 'सर्व्हर' एवढंच लिहिलं होतं. तशी ती आता उपयोगाची नव्हतीच, कारण कंट्रोलर नवा होता.

माझ्या विद्यार्थ्यानं काय केलं ते क्रमानं सांगतो, कारण क्रम महत्त्वाचा आहे.

एक. एक डिस्क बाहेर काढून दुसऱ्या संगणकाला लावली, तो लिनक्सच्या सीडीवरून सुरू केला आणि तिची जशीच्या तशी प्रत एका बाहेरच्या डिस्कवर उतरवली. रात्रभर ते चाललं. म्हणाला, "सर, याच्यापुढे माझ्या हातून काही चुकलं तरी तुमची सूची जाणार नाही."

दोन. डिस्क परत घालून कंट्रोलरच्या स्वतःच्या पडद्यात गेला. सुदैवानं नवा कंट्रोलर जुन्याच कंपनीचा, त्याच घराण्यातला होता. त्यानं डिस्कवरची जुनी मांडणी ओळखली, आणि विचारलं, ही परकी मांडणी आयात करू की पुसू? दोन पर्याय शेजारी शेजारी. आयात केलं तर जुनी जोडी पुन्हा उभी राहते. पुसलं तर मांडणीची नोंद जाते, आणि मग नवी जोडी करून 'इनिशियलाइज' म्हटलं की डिस्कवर शून्यं लिहिली जायला लागतात. आमच्या तंत्रज्ञाचा हात नेमका या दुसऱ्या वाटेवर होता.

तीन. मग विंडोज सुरू करून पाहिली. अपेक्षेप्रमाणे ७बी. तो खूश झाला. मी घाबरलो. तो म्हणाला, "सर, ७बी आला म्हणजे डिस्क वाचली गेली. आता फक्त इंजिन बदलायचंय."

चार. कंपनीच्या संकेतस्थळावरून त्या कंट्रोलरचा २००३ साठीचा ड्रायव्हर घेतला. पण नव्या सर्व्हरला फ्लॉपीची खाचच नव्हती! यूएसबी फ्लॉपी लागणार, आणि २००३ चा इन्स्टॉलर त्यांतली काहीच मॉडेलं ओळखतो. लॅमिंग्टन रोडवर जाऊन त्यानं एक जुनी शोधून आणली. एफ-सिक्स दाबून ड्रायव्हर दिला. डिस्क दिसली. मग पहिल्या पडद्यावर दुरुस्तीसाठी 'आर' दाबायचा मोह टाळून एंटर दाबलं, करार मान्य केला, आणि जुनी विंडोज सापडली असं तिनं सांगितल्यावर 'आर' दाबला. पहिला 'आर' वेगळ्या खोलीत नेतो, दुसरा 'आर' आहे ती विंडोज दुरुस्त करतो आणि प्रोग्राम व माहिती तशीच ठेवतो.

तासाभरानं आमचं सॉफ्टवेअर उघडलं. मी एका लेखकाचं नाव शोधलं. पुस्तकं एकाखाली एक आली. खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं.

आज काय करायचं

फ्लॉपी गेली, पेच गेला नाही. विंडोज सर्व्हर २००८ पासून इन्स्टॉलर यूएसबी किंवा सीडीवरून ड्रायव्हर घेतो. डिस्क निवडण्याच्या पडद्यावर यादी रिकामी दिसली तर तिथेच 'लोड ड्रायव्हर' असं बटण आहे. ते दाबण्याआधी चार गोष्टी बघा.

पहिली, कंट्रोलरची नेमकी ओळख. खोक्यावरच्या नावावर विसंबू नका. प्रत्येक कार्डाला उत्पादकाचा आणि उपकरणाचा असे दोन क्रमांक असतात. लिनक्समध्ये एलएसपीसीआय या आज्ञेनं आणि विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजरमध्ये ते दिसतात. इंटेलचा उत्पादक क्रमांक गमतीचा आहे, ८०८६, म्हणजे त्यांच्या प्रसिद्ध प्रोसेसरचंच नाव. हे दोन क्रमांक म्हणजे कार्डाचं आधार कार्ड समजा.

दुसरी, ड्रायव्हर ऑपरेटिंग सिस्टीमच्या त्याच आवृत्तीचा हवा आणि ३२ की ६४ बिट हेही जुळायला हवं.

तिसरी, इन्स्टॉलरला डॉट ईएक्सई फाइल चालत नाही. त्याला उघडा ड्रायव्हर हवा. आयएनएफ, एसवायएस आणि कॅट अशा फाइली एका फोल्डरमध्ये. कंपन्या बहुधा सगळं एका ईएक्सईत बांधून देतात. ते आधी दुसऱ्या संगणकावर सोडवून यूएसबीवर ठेवा.

चौथी, सही. ड्रायव्हर गाभ्याच्या आत चालतो, म्हणजे घराची किल्लीच त्याच्या हातात असते. म्हणून ६४ बिट विंडोजमध्ये व्हिस्टाच्या पिढीपासून डिजिटल सही नसलेला ड्रायव्हर गाभ्यात घेत नाहीत. सही नसलेला कुठूनतरी मिळवून, तपासणी बंद करून तो घालायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. कंपनीच्या स्वतःच्या जागेवरूनच घ्या.

लिनक्समध्ये उलटाही अनुभव येतो. तिथे नव्या आवृत्तीतून जुनी ओळख काढून टाकतात. २०१९ मध्ये रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ८ आलं, तेव्हा बऱ्याच जुन्या रेड कंट्रोलरांना रजा मिळाली होती. कालपर्यंत सातवर नीट चाललेला सर्व्हर आठच्या इन्स्टॉलरमध्ये डिस्क नाही म्हणायला लागला. त्यावर उपाय म्हणजे ड्रायव्हर डिस्क. इन्स्टॉलर सुरू करताना आयएनएसटी डॉट डीडी हा शब्द देऊन बाहेरून ड्रायव्हर पुरवायचा. ईएलरेपो नावाचा स्वयंसेवकांचा प्रकल्प असे ड्रायव्हर बांधून देतो. पण घेण्याआधी विचार करा, की उत्पादकानं सोडून दिलेल्या कार्डावर आपली संस्था किती वर्षं उभी ठेवायची.

प्रश्नोत्तरे

प्रश्न : सर, आमच्या सोसायटीच्या हिशेबाचा सर्व्हर आता आभासी यंत्रात हलवायचा म्हणतायत. तिथे तर खरा कंट्रोलर नसतोच. मग हा प्रश्न येतो का?

उत्तर : येतो, कारण तिथे कंट्रोलरचं सोंग असतं, आणि सोंगालाही चिठ्ठी लागते. केव्हीएमवर हे सोंग बहुधा व्हर्टआयओ नावाचं असतं, आणि विंडोजच्या सीडीवर त्याचा ड्रायव्हर नसतो. त्याची वेगळी आयएसओ जोडून ड्रायव्हर द्यावा लागतो. चालू सर्व्हर हलवत असाल तर एक युक्ती आहे. आधी मूळ डिस्क जुन्या, ओळखीच्या प्रकारावरच ठेवा. शेजारी एक छोटी रिकामी डिस्क व्हर्टआयओची जोडा. विंडोज सुरू करून तिचा ड्रायव्हर घाला, म्हणजे ओळख होते. मग बंद करून मूळ डिस्क व्हर्टआयओवर न्या. लग्नाआधी दोन घरांनी एकदा भेटून घ्यावं तसं.

प्रश्न : मी नवा लॅपटॉप घेतला, विंडोज पुन्हा घालताना डिस्कच दिसत नाही. दुकानदार म्हणतो डिस्क खराब आहे.

उत्तर : खराब असेलही, पण आधी बायोसच्या पडद्यात डिस्कचं नाव दिसतंय का ते बघा. दिसत असेल तर ती जिवंत आहे. इंटेलच्या अकराव्या पिढीपासून अनेक यंत्रांत व्हीएमडी नावाची सोय चालू असते, आणि तिचा ड्रायव्हर इन्स्टॉलरमध्ये नसेल तर डिस्क दिसत नाही. लॅपटॉपच्या कंपनीच्या पानावरून रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर यूएसबीवर घेऊन 'लोड ड्रायव्हर' करा. बायोसमध्ये ती सोय बंद करूनही डिस्क दिसेल, पण आधीची विंडोज तिच्यावर असेल आणि तुम्हाला ती हवी असेल, तर ७बी स्वागताला येईल. मी सांगितलेली इगतपुरी आठवा.

प्रश्न : दोन डिस्कवर एकच माहिती होती, मग बॅकअप होताच की. एवढं घाबरायचं कारण काय?

उत्तर : बाई, हा प्रश्न मी त्या काळात सभेत विचारला होता. एक डिस्क बिघडली तर रेड वाचवतं. चुकून पुसलं, पूर आला, वीज पडली, कोणी 'इनिशियलाइज' दाबलं, तर ते दोन्हीवर एकाच वेळी घडतं. एकाच घरात ठेवलेल्या दोन प्रती म्हणजे एकच प्रत. वेगळी प्रत वेगळ्या इमारतीत हवी, आणि ती मधूनमधून उघडून पाहिलेली हवी.

प्रश्न : शेवटी ग्रंथालयाचं काय झालं?

उत्तर : सूची जुन्या फाँटमधून युनिकोडमध्ये आणली. त्यात जोडाक्षरं बिघडली, ती मुलींनी पुन्हा तपासली. विंडोज सर्व्हर २००३ ला मिळणारा कंपनीचा आधार १४ जुलै २०१५ ला संपला, त्याच्या आत आम्ही त्यातून बाहेर पडलो. सूचीची एक छापील प्रत बांधून वरच्या मजल्यावर ठेवली. आणि सर्व्हरच्या शेजारी एक वही आहे. त्यात कंट्रोलरचं नाव, दोन्ही क्रमांक, ड्रायव्हरची आवृत्ती, तो कुठून आणि कधी घेतला, डिस्क कुठल्या खाचेत आहेत आणि कोणाला फोन करायचा हे सगळं लिहिलं आहे. त्याच वहीच्या खिशात ड्रायव्हरचा यूएसबी आहे. पाकिटावर नुसतं 'सर्व्हर' लिहिलेलं नाही.

ती कार्डं मात्र गेली ती गेलीच. कुणा जुन्या ग्रंथपालांचं सुंदर अक्षर होतं त्यांवर. ते कुठल्याच ड्रायव्हरनं परत येत नाही. तेव्हा तुमच्या संस्थेत असा ठराव आला तर हात वर करण्याआधी माझी आठवण काढा.